२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची ओळख कशी करून घ्यायची

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा मोबाईल घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. खेळातली नाणी वाढत वाढत २१४७४८३६४७ ला आली होती आणि तिथेच अडकली होती. "मामा, थांबायचंच तर दोनशे कोटीला थांबायचं. हा कसला आकडा?"

आकड्याचं कारण सोपं आहे. कॉम्प्युटर पूर्ण संख्या बऱ्याचदा ३२ खणांत ठेवतो. त्यातला एक खण अधिक-उण्याच्या चिन्हाला जातो, उरतात ३१. त्यांत मावणारी सगळ्यांत मोठी संख्या म्हणजे २^३१ − १. (२^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात, या लेखात घात असाच लिहिणार आहे.) पण मी त्याला पुढचं सांगितलं : ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, यांच्याशिवाय तिला कुणीही नि:शेष भागत नाही.

त्यावर तो म्हणाला, "कशावरून?"

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट चालते. त्या आवाजात आम्ही आठ दिवस वही घेऊन बसलो आणि या 'कशावरून'चं उत्तर काढलं. तेच इथे क्रमाने लिहितो आहे. आठवीपर्यंतचं गणित येत असलं की पुरे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ असू द्या.

आधी पिनकोडावर हात बसवा

एकदम दहा अंकी संख्येला भिडू नका. आपला पिनकोड घ्या : ४१३००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणार. भागाकार ४५८८९. हा दिसायला मूळ संख्येसारखा आहे, ३, ७, ११, १३ कुणालाच दाद देत नाही. पण चिकाटीने १०९ पर्यंत गेलात की फुटतो : ४५८८९ = १०९ × ४२१. म्हणजे ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

आता ४१३००३. बेरीज ११, म्हणून ३ गेला. ७, ११, १३, १७ पण नाहीत. १९ ने मात्र जातो : १९ × २१७३७. आणि २१७३७ ही मूळ संख्या आहे. हे मान्य करायला तिला कुठपर्यंत भागून बघायचं? १४७ पर्यंत, कारण तिचं वर्गमूळ १४७ च्या जरा पुढे आहे. संख्येला अवयव असतील तर ते जोडीने येतात, आणि जोडीतला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. या सगळ्या कामात हा एकच नियम पाठ हवा, बाकीचं ओघात येतं.

४१३००२, ४१३००४, ४१३००६ सम आहेत, ४१३००५ ला ५ ने भाग जातो आणि ४१३००७ ला ३ ने. म्हणजे ४१३००१ पासून ४१३००७ पर्यंत एकही मूळ संख्या नाही. आपला एसटीडी कोड ०२१७ मात्र गोड निघतो : २१७ = ७ × ३१, आणि ७ = २^३ − १, ३१ = २^५ − १. दोन्ही अवयव आपल्या मोठ्या संख्येच्याच घराण्यातले. या घराण्याला मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

काम किती आहे ते मोजा

२१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे. (पडताळा : ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, ४६३४१ चा २१४७४८८२८१.) ४६३४० पर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला दोन मिनिटं धरली तरी दीडशे तास. मध्ये एक चूक झाली की सगळं पाण्यात. म्हणून भागायला बसण्याआधी चाळणी लावायची.

ही चाळणी लिओनार्ड ऑयलरची. १७७२ मध्ये त्याने डॅनियल बर्नुलीला पत्रातून कळवलं की ही संख्या मूळ आहे. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने साडेचार हजार भागाकार केले नाहीत. कुठले करायचे नाहीत हे त्याने आधी ठरवलं.

फेरा म्हणजे काय : सात रस्त्याला उभे राहा

चाळणी समजायला एक कल्पना लागते, तिला मी फेरा म्हणतो. सात रस्ता चौकात उभे आहात असं समजा आणि रस्त्यांना ० ते ६ नंबर द्या. १ नंबरच्या रस्त्यापासून निघायचं, दर वेळी नंबराला २ ने गुणायचं, आणि ७ ने भागून उरलेल्या बाकीच्या रस्त्यावर जायचं. १ वरून २, २ वरून ४, ४ वरून ८ म्हणजे बाकी १. तीन पावलांत परत. २ चा फेरा ३ चा झाला.

आता २ ऐवजी ३ ने गुणा : १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. या वेळी शून्य सोडून सहाही रस्ते फिरून झाले. ३ चा फेरा ६ चा.

३ आणि ६, दोन्ही ६ ला नि:शेष भागतात. हा योगायोग नाही. 'प' ही मूळ संख्या असेल तर तिच्या बाकींमधला प्रत्येक फेरा प − १ ला भागतोच. फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतात तो हाच. ५, ११, १३ घेऊन स्वतः फेरे मांडा. अर्धा तास जाईल, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

चाळणी पहिली

समजा २^३१ − १ ला 'भ' नावाच्या मूळ संख्येने भाग गेला. म्हणजे २^३१ ला भ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे २ ने गुणत गुणत ३१ पावलं गेलो की आपण परत १ वर असतो. मग फेऱ्याची लांबी ३१ ला भागणारी हवी. ३१ स्वतः मूळ संख्या, म्हणून फेरा १ चा किंवा ३१ चा. १ चा असणार नाही, नाहीतर २ ची बाकी १ म्हणावी लागेल. तेव्हा ३१ चाच. आणि फेरा भ − १ ला भागतो, म्हणून भ − १ हा ३१ च्या पटीत. भ विषम असल्याने भ − १ सम, म्हणून ६२ च्या पटीत.

म्हणजे भागणारी संख्या असलीच तर ती ६२क + १ अशीच असणार (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या). ३, ५, ७, ११, १३ यांच्याकडे बघायचंही कारण उरलं नाही. हे भाच्याला कळलं तेव्हा त्याने वहीतलं आधीच्या भागाकारांचं अख्खं पान स्वतःहून आडवी रेघ मारून रद्द केलं.

चाळणी दुसरी

२^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या बाकींमध्ये २ हा कुणाचा तरी वर्ग ठरतो. आणि असं फक्त त्याच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत होतं ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. याची सिद्धता लांब आहे, पण पडताळा लगेच घेता येतो : ७ मध्ये ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ मध्ये ६ चा वर्ग ३६, बाकी २. ११ मध्ये मात्र वर्गांच्या बाकी १, ४, ९, ५, ३ एवढ्याच येतात, २ कधीच येत नाही.

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की दोनच साचे उरतात : २४८क + १ आणि २४८क + ६३. ४६३४० पर्यंत पहिल्या साच्यात १८६ संख्या, दुसऱ्यात १८७. त्यातली ६३ तर ७ × ९ आहे, ती सोडा. राहिल्या ३७२. त्यातल्याही कितीतरी उघड संयुक्त आहेत, त्यांनी भागायची गरज नाही.

यादी अशी सुरू होते : २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९. यात २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, १२४१ ला १७ ने. एवढ्या यादीत खऱ्या मूळ संख्या तीनच : ३११, १३०३, १४८९.

भागाकार न करता भागून बघा

दहा अंकी संख्येला ३११ ने लांबलचक भागायची गरज नाही. घातांच्या बाकी काढत चला.

२^१० = १०२४. त्यातून ९३३ (३११ × ३) गेले, बाकी ९१.
२^२० साठी ९१ × ९१ = ८२८१. त्यातून ८०८६ (३११ × २६) गेले, बाकी १९५.
२^३० साठी १९५ × ९१ = १७७४५. त्यातून १७७२७ (३११ × ५७) गेले, बाकी १८.
२^३१ साठी १८ × २ = ३६.

एक वजा केला की ३५. शून्य आलं नाही, म्हणजे ३११ ने भाग जात नाही. चार ओळींत काम झालं, आणि कुठेही पाच अंकांपुढे जावं लागलं नाही.

१३०३ साठी हेच तुम्ही करा, वजाबाकीनंतर २२६ उरायला हवेत. दुसरं काही आलं तर बहुतेक २^२० च्या ओळीत चूक असेल, आमची तिथेच झाली होती.

पद्धत खरंच पकडते का हे बघायचं असेल तर २^२९ − १ घ्या. २९ सुद्धा मूळ संख्या, त्यामुळे वाटतं की हीपण मूळ असेल. इथे साचा ५८क + १. ५९ ला ८ ने भागून ३ उरतात आणि ११७ ला ५, दोन्ही बाद. १७५ दुसऱ्या चाळणीतून सुटते, पण ५ ने भाग जातो. पुढची २३३. २^८ = २५६, बाकी २३. २^१६ ला २३ × २३ = ५२९, बाकी ६३. २^२४ ला ६३ × २३ = १४४९, बाकी ५१. २^२९ ला ५१ × ३२ = १६३२, आणि २३३ × ७ = १६३१. बाकी बरोबर १! म्हणजे २३३ ने भाग जातो. पहिल्याच खऱ्या भागाकारात संख्या फुटली. माझ्या मते नवख्याने ३१ च्या आधी हे करावं. शून्य आल्यावर कसं वाटतं हे एकदा अनुभवलं की पुढचे 'शून्य नाही' कंटाळवाणे वाटत नाहीत.

एक धोका इथेच सांगतो. "२ चा प − १ वा घात घेतला, प ने भागून बाकी १ आली, झाली प मूळ संख्या" अशी झटपट कसोटी बरेच जण लावतात. ३४१ वर ती फसते : ३४१ = ११ × ३१, तरी २^३४० ची बाकी १ येते, कारण २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १. आणि आपल्या घराण्यावर तर पाया २ ठेवून ही कसोटी लावायचीच नाही. २०४७ = २^११ − १ = २३ × ८९, आणि तीसुद्धा बिनदिक्कत पास होते.

शेजाऱ्यांना विचारा

मूळ संख्येबद्दल मला सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट ही. ती स्वतः फुटत नाही, म्हणून तिच्याकडे बघून काही कळत नाही. तिची खरी माहिती तिच्या दोन शेजाऱ्यांकडे असते : एक अलीकडचा, एक पलीकडचा.

अलीकडचा शेजारी २१४७४८३६४६. त्याचे अवयव : २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. प्रत्येक फेरा याला भागणारा असतो, म्हणून कुठले फेरे शक्य आहेत ते यावरून ठरतं. २ चा फेरा फक्त ३१ चा, कारण २^३१ ची बाकी १. दोनशे चौदा कोटींच्या गावात २ एकतीस घरं फिरून परत येतो. उलट ७ सगळं गाव फिरतो, एकही घर न सोडता. अशा संख्येला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात, आणि इथला सगळ्यांत लहान प्रिमिटिव्ह रूट ७ हाच आहे.

हे तपासायला दोनशे चौदा कोटी पावलं मोजावी लागत नाहीत. अलीकडच्या शेजाऱ्याला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेकदा भागायचं आणि येणारे सात भागाकार घातांक म्हणून ७ वर चढवायचे. एकाही वेळी बाकी १ आली नाही, की फेरा पूर्ण. एवढं वहीवर करू नका. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं 'पॉव' हे फंक्शन पाया, घात आणि भाजक असे तीन आकडे घेतं आणि बाकी सांगतं.

याचा उपयोगही झाला आहे. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी कॉम्प्युटरवर यादृच्छिक आकडे काढायला किमान कोणती रीत वापरावी ते सुचवलं : आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. ५ हा अलीकडच्या शेजाऱ्याचा अवयव नाही, म्हणून ७^५ चा फेराही पूर्णच राहतो. आजच्या गरजांना ही रीत अपुरी पडते, पण ती का चालते हे समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पलीकडचा शेजारी २१४७४८३६४८, म्हणजे २^३१. नुसते दोन, एकतीस वेळा. त्याच्या या साधेपणामुळे एक जबरदस्त कसोटी मिळते, ल्युका आणि लेमर यांची. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या, परत तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. मधला मार्ग नाही.

१२७ = २^७ − १ वर करून बघू, पाच फेऱ्या. बाकी काढायची युक्ती चादरीच्या घडीसारखी आहे : संख्येत १२८ किती वेळा बसतात ते काढा आणि तो आकडा उरलेल्यात मिळवा.

४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४.
१४ चा वर्ग १९६, वजा २, झाले १९४. घडी घाला : १ + ६६ = ६७.
६७ चा वर्ग ४४८९, वजा २, झाले ४४८७. घडी : ३५ + ७ = ४२.
४२ चा वर्ग १७६४, वजा २, झाले १७६२. घडी : १३ + ९८ = १११.
१११ चा वर्ग १२३२१, वजा २, झाले १२३१९. घडी : ९६ + ३१ = १२७, म्हणजे शून्य.

१२७ मूळ ठरली. ३१ साठी अशा २९ फेऱ्या. मी त्या आधी स्प्रेडशीटवर केल्या, शेवटी शून्य आलंच नाही, आणि दोन दिवस मी गणितात चूक शोधत बसलो. चूक गणितात नव्हती. दहा अंकी संख्येचा वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातो आणि स्प्रेडशीट पंधरा अंकच नीट धरतं, बाकीचे गळतात. साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर तर संख्याच मावत नाही. इथे पायथॉन वापरा, तो पूर्णांकातला एकही अंक सोडत नाही.

उरलेल्या ओळखी

या भराभर होतात. ४ ने भागल्यावर बाकी ३, म्हणून ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. दोनाच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या, म्हणजे जोडमूळ जोडीदार, तिला नाही : २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो, २१४७४८३६४९ ला ३ ने. दुपटीत एक मिळवून बघाल तर तीही ३ ने फुटते. मात्र २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते. १८११ मध्ये पीटर बार्लोने लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ ही ३९ अंकी मूळ संख्या हाताने सिद्ध केली आणि तिच्यासोबत मोठी परिपूर्ण संख्याही आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

घड्याळाशीही तिचा संबंध आहे. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ खणांत मोजतात. ते खण १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील. आपल्याकडे सोलापुरात ते गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. भाच्याची नाणी याच आकड्यावर थांबली, ते सेकंद मात्र याच आकड्यानंतर उलटून उण्यात जातील, त्या प्रणाली तोवर बदलल्या नसतील तर.

पुढे जायचं असेल तर २^६१ − १ घ्या. साचा १२२क + १ होईल, पण वर्गमूळ दीडशे कोटींच्या पुढे, तेव्हा चाळणी लावूनही भागाकार संपणार नाहीत. इथे पलीकडचा शेजारीच कामाला येतो : ४ पासून सुरुवात, ५९ फेऱ्या. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन पाद्र्याने ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं होतं. पायथॉनमध्ये पाच-सहा ओळी लिहाव्या लागतील. आधी १२७ वर त्या चालवा आणि १४, ६७, ४२, १११, ० हेच आकडे येतात का बघा, मगच ६१ घाला.